दोन झाडं, एक ताडपत्री आणि थोडासा 'तणावा'

शुक्रवारची संध्याकाळ. मॉनिटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ सहा वाजल्याचं सांगतंय आणि ग्रुपवर मेसेज येऊन पडतो, 'उद्या रानात मुक्काम. कोण कोण येतंय?' धडाधड होकार! मग खरा प्रश्न निघतो. तंबू कुणाकडे आहे? तंबू एकाकडेच असतो, त्यात दोघंच मावतात आणि त्याची एक काठी मागच्या ट्रेकला मोडलेली असते. झालं! बेत बारगळतो आणि मंडळी नेहमीसारखी रंकाळ्यावर भेळ खायला जातात.

दोस्तहो, तंबूवाचून अडून बसू नका. दोन चांगली झाडं, दहा बाय बारा फुटांची ताडपत्री आणि वीस-पंचवीस मीटर दोरी, एवढ्यावर तीन-चार जण आरामात कोरडे झोपतात. शिवाय झोपल्या झोपल्या रान दिसतं, जे तंबूच्या चेन लावलेल्या पोटात कधीच दिसत नाही.

परदेशात याचं मोठं प्रस्थ आहे. अमेरिकेतल्या साडेतीन हजार किलोमीटरच्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर पाठीवरचं ओझं कमी करायचं म्हणून तंबू घरी ठेवून नुसता 'टार्प' नेणारे लोक आहेत. नाव स्टायलिश आहे, पण मूळ अगदी साधं. पूर्वी खलाशी जाड कापडाला डांबर फासायचे. टार म्हणजे डांबर, त्यावरून टार्पोलिन. आपण त्याला ताडपत्री म्हणतो आणि गावाकडे तर सरळ 'कागद'. 'पाऊस आला, कागद टाक रे!' असं कुणी ओरडलं तर तो प्रिंटरमधला ए-फोर मागत नसतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

गुरू आपल्याच गावात

ताडपत्री बांधायला शिकायचं तर महागडा कोर्स कशाला? मार्केट यार्डात गुळाच्या ट्रकवर ताडपत्री चढताना कधी पाच मिनिटं उभं राहून बघा. क्लीनर पोरगा दोरीत मध्येच एक फासा करतो, टोक खालच्या हुकातून फिरवून त्या फाशातून ओवतो आणि अंगाचा भार टाकून खाली ओढतो. फासा कप्पीसारखा काम करतो आणि दोरी टणटणीत! जगभरच्या कॅम्पिंगच्या पुस्तकांत हीच गाठ ट्रकवाल्यांच्या नावानं दिलेली असते.

दुसरे गुरू भेटतात दिवाळीनंतर. ऊसतोडीला बीड आणि आसपासच्या भागांतून टोळ्या येतात आणि साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. बांबू, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. काही तासांत घर तयार. पाणी बाहेर कसं पडावं, वारा कुठून अडवावा, चूल कुठे असावी, याची सगळी अक्कल त्या कोपीत असते. एक फरक मात्र लक्षात असू द्या. आपण रविवारी संध्याकाळी घरी येऊन गरम पाण्यानं अंघोळ करणार असतो. ती माणसं लेकराबाळांसकट पाच-सहा महिने त्याच कागदाखाली काढतात. त्यामुळे ताडपत्रीखालच्या एका रात्रीला 'रफ लाइफ' वगैरे म्हणण्याआधी एकदा त्या कोप्यांकडे बघावं.

या गुरूंना विचारलंत तर सगळे एकच गोष्ट सांगतील. बांधणं सोपं आहे, जागा निवडणं अवघड. ताडपत्री टांगायला दहा मिनिटं पुरतात, जागा शोधायला अर्धा तास द्यावा लागतो. नवखी मंडळी नेमका हाच अर्धा तास वाचवायला बघतात आणि मग रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात पाण्यातून सामान उचलतात.

आधी विचारा, मग वर बघा

पहिला प्रश्न, रान कुणाचं? राधानगरी अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठी जाहीर झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव लागलं. तिथं वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरून मुक्काम ठोकणं कायद्यात बसत नाही. राखीव जंगलातही मनाला येईल तिथं झोपता येत नाही. मग जायचं कुठं? आंबा, गगनबावडा, पन्हाळा, भुदरगड या पट्ट्यांत मालकीची राया आणि शेतं भरपूर आहेत. गावात जायचं, मालक शोधायचा, नमस्कार करायचा. 'मामा, तुमच्या रानात एक रात्र टेकू का? दोन झाडांना दोरी बांधीन म्हणतो.' उत्तर बहुतेक वेळा असं येतं, 'टेका की! पर त्या कडंच्या झाडाखाली नगा, वरची फांदी वाळलीया.' बघा, एका वाक्यात परवानगीही मिळाली आणि सेफ्टी ऑडिटही झालं!

ती वाळलेली फांदी म्हणजे ताडपत्रीखालच्या मुक्कामातला सगळ्यात मोठा धोका. आपण झाडाचा बुंधा बघतो, वर बघत नाही. म्हणून झाडाला हात लावण्याआधी मान मागे टाकून पूर्ण शेंडा न्याहाळायचा. सुकलेली फांदी, मोडून अडकलेला ओंडका, पोकळ खोड दिसलं की पुढचं झाड. शेवग्याच्या फांदीवर चढू नये हे लहानपणी प्रत्येकाला आजीनं सांगितलेलं असतं. निलगिरीच्या बाबतीतही तीच सावधगिरी, तिच्या फांद्या तुटायला फार मोठं वादळ लागत नाही. त्यापेक्षा जांभूळ, ऐन, किंजळ, फणस अशी घट्ट लाकडाची, जिवंत आणि मांडीपेक्षा जाड बुंध्याची झाडं बरी.

वर बघताना आणखी एक गोष्ट शोधायची, आग्या मोहोळ. मोहोळ दिसलं की तिथून शांतपणे काढता पाय घ्यायचा. त्याच्या खाली चूल पेटवणं किंवा सेंट फवारून हिंडणं म्हणजे आ बैल मुझे मार. खोडावर तांबड्या मुंग्यांची रांग असेल तर तुमची दोरी त्यांचा हायवे होणार, हेही गृहीत धरा.

आता खाली बघा. कोल्हापूरच्या माणसाला राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. रानातल्या ओढ्याच्या काठाला असा फलक नसतो. वर डोंगरात तासभर पाऊस झाला की इथं चांदणं असतानाही ओढा फुगू शकतो. म्हणून ओढ्याच्या पात्रात, वाळूच्या मऊ पट्ट्यावर, खोलगट जागेत मुक्काम नको. किंचित उंचवटा, हलका उतार आणि पाण्यापासून चांगलं अंतर. पाणवठ्याकडे जाणारी मळलेली वाटही टाळा. ती वाट आपल्यासाठी मळलेली नाही. रात्री गवा त्याच वाटेनं येतो आणि त्याला तुमच्या बुकिंगची माहिती नसते.

मसाई पठारासारखी मोकळी जागा कितीही फोटोजेनिक असली तरी या प्रकाराला उपयोगाची नाही. तिथं झाडांची वानवा, वारा मोकाट आणि जांभ्या दगडात मेख शिरत नाही.

आता दोरी ओढा

तंबूच्या दोरीला मराठीत छान जुना शब्द आहे, तणावा. आठवडाभर बॉसनं दिलेला तणाव कमी करायला आपण रानात जातो आणि तिथं पहिलं काम काय, तर तणावे ओढणं! पण हा तणाव हवाच. ताडपत्री ढिली राहिली तर ती रात्रभर फडफडते आणि झोपेचं खोबरं होतं.

झाडांमधलं अंतर ताडपत्रीच्या लांबीपेक्षा तीन-चार फूट जास्त असावं. मधली दोरी साधारण छातीच्या उंचीवर बांधायची. फार वर बांधली तर पाऊस तिरका आत येतो. बारीक दोरी थेट खोडाला आवळू नका. झाडाचं अन्न सालीच्या आतल्या थरातून वाहतं आणि दोरी तिथंच कापते. रुंद पट्टा वापरा, नाहीतर दोरीखाली पोत्याची जाड घडी घाला. खिळा ठोकण्याचं तर नावच काढू नका.

एका बाजूला पक्की गाठ, दुसऱ्या बाजूला आपली ट्रकवाल्यांची गाठ. आता त्या दोरीवरून ताडपत्री टाका, चारही कोपरे खाली खेचा आणि मेखांना बांधा. एखाद्या कोपऱ्याची रिंग तुटली असेल तर ताडपत्रीत भोक पाडू नका. सुपारीएवढा गुळगुळीत खडा कोपऱ्यात गुंडाळायचा आणि त्याच्या मानेभोवती दोरी आवळायची. झाली नवी रिंग.

थोडं गणित करू, घाबरू नका, अप्रेझलच्या गणितापेक्षा सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा बाय बारा फुटांची ताडपत्री साधारण ११ चौरस मीटर भरते. तासाभरात दहा मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यावर ११० लिटर पाणी येतं. उतार नीट असेल तर ते वाहून जातं. झोल राहिला तर त्यात साचतं. अर्धं साचलं तरी ५५ किलोचा माणूस तुमच्या डोक्यावर येऊन झोपला म्हणायचा! आणि आपल्याकडचा पाऊस काय असतो ते माहीत आहेच. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो, पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे.

दुसरं गणित दोरीचं. मध्ये दहा किलो भार आला आणि दोरी जवळजवळ आडवी, म्हणजे जेमतेम पाच अंशांचा कोन करून असेल, तर प्रत्येक झाडावर ५७ किलोचा ओढा पडतो. तोच कोन तीस अंशांचा असेल तर फक्त दहा किलोचा. आपल्याला दोरी ताठ हवीच असते, त्यामुळे तिच्यावर जास्तीचा भार येऊ द्यायचा नाही. ओले कपडे, सॅक, गप्पा मारताना टेकलेले मित्र, सगळे खाली. बारीक रोपट्यांना दोरी का बांधायची नाही, हेही यातूनच कळतं.

दोरी विकत घेताना एक ध्यानात ठेवा. सुती दोरी भिजली की आखडते, नायलॉन भिजलं की सैल पडतं. नायलॉनची दोरी असेल तर पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं उठून तणावे पुन्हा ओढायचे. पॉलिएस्टर भिजल्यावर फारसं ताणलं जात नाही, मिळालं तर तेच घ्या. ताडपत्री घेताना जीएसएम विचारा. २०० जीएसएमची आपल्या मापाची ताडपत्री सव्वादोन किलोच्या आसपास भरते, १२०ची सव्वा किलोच्या थोडी वर. गाडी जवळ लावणार असाल तर जड, पाठीवर नेणार असाल तर हलकी. साधा हिशेब.

पाऊस ताडपत्रीवरून जातो, पण झाडावरचं पाणी दोरीवरून घरंगळत थेट तुमच्या उशीवर येतं. यावर उपाय फुकटातला. ताडपत्रीच्या कडेच्या थोडं बाहेर दोरीला सुतळीचा वीतभर तुकडा लोंबता बांधा. पाणी तिथंच खाली उतरतं. भोवती चर खणायची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. जागा बरोबर निवडली असेल तर चर लागत नाही आणि उकरलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते.

रात्र आहे, मंडळी

ताडपत्रीला भिंती नसतात. तिची सगळी मजा त्यात आहे आणि जोखीमही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा खालची कड त्या दिशेला जमिनीलगत आणा आणि तोंड दुसरीकडे ठेवा. एप्रिल-मेमधल्या वळवाचा भरवसा नाही, तो दिशा बदलतो आणि विजा घेऊन येतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा ताडपत्री, झाड, दोरी सगळं जिथल्या तिथं सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. ताडपत्री पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. ती शेवटी झाडालाच बांधलेली आहे.

कडा चारही बाजूंनी जमिनीला टेकवल्या असतील तर आत स्टोव्ह किंवा शेगडी अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. चहा बाहेर, झोप आत.

आणि एक गोष्ट, जी ट्रेकच्या फोटोंत कधी दिसत नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. चावा इतका बारीक की अनेकदा कळतही नाही. मग पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं जडावतं. अशा वेळी अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक नाही. माणसाला हलू द्यायचं नाही, १०८ला फोन लावायचा आणि जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथं असतं. फोनला रेंज कुठं येते आणि रुग्णालय किती लांब आहे, हे उजेड असतानाच बघून ठेवा. त्याहून बरा उपाय आधीच करण्याचा आहे. मच्छरदाणी! मधल्या दोरीलाच ती टांगायची आणि कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी घट्ट खोचायच्या. डासांसाठी म्हणून नेलेली ही दोन-तीनशे ग्रॅमची जाळी सापालाही अडवते. सकाळी बूट झटकून घालायचे, हे तर घरची मंडळीही सांगतात.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग घरीच झोपलेलं काय वाईट? तसं नाही. फक्त पहिली परीक्षा सोपी द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ताडपत्रीचा खरा शाळेचा काळ. पाऊस नाही, ओढे शांत, हवा गार. तेव्हा काम असतं दवाचं. उघड्या आकाशाखाली झोपलं तर पहाटे पांघरूण ओलंगच्च होतं, कारण रात्री जमिनीची आणि अंगाची ऊब वर निघून जाते. डोक्यावर ताडपत्री असली की दव तिच्यावर पडतं आणि आत थोडी ऊब राहते. त्याही आधी घरामागच्या दोन आंब्यांमध्ये एकदा रंगीत तालीम करून घ्या. शेजारीपाजारी हसतील, हसू द्या. दोन-तीन कोरड्या रात्री जमल्या की मग जूनच्या पहिल्या सरींना या.

आणि जुलै? जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याचा वेढा भेदून भर पावसात विशाळगडाकडे गेले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले, त्याच वाटेनं आज हजारो पोरं चिखल तुडवत चालतात. त्या पावसात वाटेवरच्या वाड्या-वस्त्यांतली माणसं आपलं घर उघडून देतात. कुणाच्या सोप्यात जागा मिळाली तर बाहेर ताडपत्री टांगून शहाणपणा दाखवू नका. ओले बूट बाहेर काढा, मावशींना 'काय मदत करू?' विचारा आणि चुलीजवळ बसा. ताडपत्री सॅकमध्येच राहू द्या, वाटेत कुणी थकलं, भिजून कुडकुडायला लागलं, तर दोन मिनिटांत आडोसा करायला ती लागते.

सुरगाठ बरी

आपल्याकडे गाठीचे दोन प्रकार, निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ आवळत जाते आणि शेवटी कापावी लागते. सुरगाठ घट्ट बसते, पण टोक ओढलं की सुटते. गोठ्यात दावं बांधणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, कारण आग लागली किंवा पाणी शिरलं तर जनावर एका ओढीत मोकळं करता आलं पाहिजे. आपल्या प्रत्येक तणाव्याचा शेवट तसाच करा. शेवटची गाठ मारताना टोक पूर्ण ओवू नका, दुमडून घ्या. वादळात, अंधारात, गारठलेल्या बोटांनी ती सुटली पाहिजे.

सकाळी ताडपत्री झटका आणि घरी आल्यावर पुन्हा वाळत घाला, नाहीतर पुढच्या वेळी पिशवीतून बुरशीचा वास घुमेल. मेखा मोजा. मॅगीची पाकिटं, दोरीचे तुकडे, निखारे, काही मागे राहायला नको. झाडाच्या सालीवर बोट फिरवून बघा, दोरीचा वळ उठलाय का. नसेल तर तुम्हाला जमलं. आणि निघताना रानाच्या मालकांच्या दारावरून जा. 'मामा, येतो. झाडं होती तशी हायत बघा.' पुढच्या वेळी कुठली दोन झाडं चांगली, हे मामाच सांगतील.